ओव्हर

कंट्रोल रूमच्या मागच्या खिडकीखाली
एक बाकडं होतं. तीन पाय, चौथ्याच्या जागी विटा.
अकरा वर्षं त्यावर बसून
मी जिल्ह्याची रात्र ऐकली.

आत वायरलेसवर मुजावर हवालदार.
मी आलो की ते सेटचा आवाज कमी करत नसत
एवढीच आमची मैत्री.
चहा माझा, बिनसाखरेचा.

मिरज ग्रामीण, मिरज ग्रामीण, कंट्रोल बोलतोय.
खर्रर्र.
मग विहिरीच्या तळातून यावं तसं उत्तर.
बुधगावला कडब्याची गंजी पेटली.
कुपवाडला कामगाराचा हात मशीनमध्ये.
म्हैसाळच्या कालव्यात बाई, वय अंदाजे तीस,
हिरवी साडी, ओळख नाही.
हळदीच्या सौद्यातसुद्धा माणसाचा आवाज चढतो.
इथं नाही.

पहिल्या वर्षी प्रत्येक खरखरीला
मी लुनाला पायडल मारायचो.
मग कान तयार झाला :
गंभीर म्हणजे बहुतेक गेला,
अ‍ॅम्ब्युलन्सची घाई नको म्हणजे गेलाच.
आणि ओव्हर म्हणजे संपलं, असं मी धरून चाललेलो,
तर मुजावर हसले.
‘संपलं न्हवं ओ. संपल्यावर आउट म्हनायचं.
ओव्हर म्हंजे मी गप बसतो,
आता तू बोल.’

डिसेंबर. कारखाने चालू.
अंकली फाट्याजवळ उसाची डबल ट्रॉली,
मागं ना लाल फडकं, ना रिफ्लेक्टर.
एक दुचाकी.
इसम जागीच.
खिशातल्या पावतीवर नाव सुकुमार
आणि आडनाव खरखरीत बुडालं :
मगदूम की मुकादम?
रिपीट करा, ओव्हर. रिपीट करा.
राहणार समडोळी, एवढं मात्र स्वच्छ.

साडेसातला पान सुटायचं.
चुकीच्या नावाचा खुलासा छापावा लागला
तर संपादक महिनाभर त्यावरून बोलायचे.
म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडीत शिरलो,
डिरेक्टरीत समडोळी, म, बोट खाली खाली,
आणि पहिल्याच नंबरला
बाईनं उचलला.

‘सुकुमारचंच घर. त्ये अजून आलं न्हाईत.
दिस बुडायच्या आत जेवतोय आमी,
ताट झाकून ठेवलंतं.
आता आलं तरी न्हाई जेवायचं.
काय निरोप हाय का?’

माझ्या हातात पेन. टोपण दातात.
मी विचारलं, आडनाव कसं लिहिता?

‘मगदूम. दू दीर्घ.
लग्नाच्या पत्रिकेत सुदिक चुकवलंय छापणाऱ्यानं.’
मग थांबून,
‘कुठं छापायचं हाय?’

ती गप्प बसली.
तारेत नुसती घूं.
काचेपलीकडं मीटरवरचे लाल आकडे
एकेक रुपया चढत होते.
आता माझी पाळी होती, हे मला कळत होतं,
त्या बाकड्यावर बसून दुसरं काय शिकलो होतो मी?

सोसायटीची यादी करतोय, म्हणालो.
‘बरं,’ ती म्हणाली. ‘दीर्घ लिवा बगा.’

सात ओळी, एक कॉलम, पान तीन.
दू दीर्घ.
अकरा वर्षांत तेवढं एक नाव
मी स्वतः जुळाऱ्याशेजारी उभं राहून तपासलं,
दोनदा.

परत आलो तेव्हा मुजावर खिडकीत होते.
‘गावलं का नाव?’
गावलं.
‘घरच्यांस्नी कळवायला जमादार आत्ता निघालाय,’ म्हणाले,
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.
चहा तसाच ठेवला.
मग हात मागं नेऊन
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी सेटचा आवाज बारीक केला.

बारीक केला, तरी तो बोलतच होता.
विट्याहून कोणीतरी, पोरगेलासा,
पुन्हा पुन्हा विचारत होता
कंट्रोल, ऐकू येतंय का,
कंट्रोल, ओव्हर.